कोठे वाकावे आणि कोठे ताठ राहावे

(मंडळीतील अभ्यासवर्गासाठी पाठ. वर्गापूर्वी वाचावयाचे शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६, आरंभीची तीन वचने, गलतीकरांस पत्र, अध्याय २, रोमकरांस पत्र, अध्याय १४.)

आपल्या मराठी भाषेत दोन म्हणी आहेत. एक म्हणते, पाचामुखी परमेश्वर. दुसरी म्हणते, ऐकावे जनाचे, करावे मनाचे. ह्या दोन्ही म्हणी एकाच गावात, किंबहुना पुष्कळदा एकाच माणसाच्या तोंडी ऐकू येतात. गावकीचा निर्णय आपल्या सोयीचा असला म्हणजे आपण पहिली म्हण काढतो, आणि तोच निर्णय आपल्यावर उलटला म्हणजे दुसरीचा आश्रय करतो. असे होता होता मनुष्यास स्वतःचे असे मतच उरत नाही, किंवा स्वतःच्या मतावाचून दुसरे काहीच दिसेनासे होते. दोन्ही अवस्था वाईट होत.

ज्या कुटुंबाने एकदा जुना समाज सोडून मंडळीत प्रवेश केला आहे, त्यास हा प्रश्न इतरांहून अधिक जाचतो. चार लोकांपासून वेगळे होण्याचे दुःख त्याने सोसलेले असते; आणि म्हणूनच नव्या मंडळीतील चार लोकांपासून पुन्हा वेगळे होण्याचे भयही त्याच्या मनात अधिक असते. तेव्हा कोठे लोकांप्रमाणे वागावे व कोठे एकट्याने उभे राहावे, हे ओळखण्याची काही कसोटी आहे काय, हे आजच्या पाठात पाहू.

१. खडकवासल्याचा दृष्टांत

पुणे शहराच्या नैर्ऋत्येस, सिंहगडाच्या वाटेवर, मुठा नदीच्या काठी खडकवासला हे गाव आहे. तेथील दगडी धरण १८७९ साली पुरे झाले. त्या जलाशयास त्या काळी फाइफ तलाव असे म्हणत. त्यातून काढलेल्या कालव्याने पुणे शहरास व लष्करास पिण्याचे पाणी मिळू लागले आणि पूर्वेकडील कोरड्या जमिनी भिजू लागल्या. ती भिंत नसती तर श्रावणातले पाणी श्रावणातच वाहून गेले असते व चैत्रात शेतकऱ्यास आभाळाकडे पाहत बसावे लागले असते. समाजाचे रीतिरिवाज हे पुष्कळ अंशी अशा भिंतीसारखे असतात. त्यांच्या योगाने एकेका माणसाची थोडथोडी शक्ती साठून राहते आणि अडचणीच्या दिवसांत सर्वांच्या कामी येते. मयतास खांदा देणे, लग्नघरी हात लावणे, पेरणीस बैलजोडी देणे, ह्या गोष्टी कोणा एकाच्या लहरीवर सोडल्या तर गाव चालणार नाही.

परंतु नुसत्या भिंतीने धरण होत नाही. भिंतीस मोरी लागते, सांडवा लागतो. १९०३ साली मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यातील इंजिनियर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या ह्यांनी खडकवासल्याच्या सांडव्यावर स्वतः योजलेले आपोआप चालणारे दरवाजे बसविले. पाणी ठराविक पातळीवर आले की ते दरवाजे आपण होऊन उघडत, आणि जादा पाणी निघून गेले की आपण होऊन मिटत. भिंतीची उंची न वाढविता जलाशयात अधिक पाणी साठविता येऊ लागले, ही त्या योजनेची मोठी कमाई होती. ज्यास वेळेवर दार उघडता येते त्यासच अधिक पाणी राखता येते, असा ह्याचा अर्थ होय. ज्या समाजात मनुष्यास आपले निराळे मत निर्भयपणे बोलता येते, तो समाज त्यामुळे दुबळा न होता अधिक माणसे राखतो.

ह्या धरणाच्या इतिहासात आणखी एक पान आहे. १२ जुलै १९६१ रोजी वरच्या अंगास अंबी नदीवर बांधकाम चालू असलेले पानशेतचे धरण फुटले. त्याचा लोंढा खडकवासल्याच्या जलाशयात शिरला, आणि ऐंशीहून अधिक वर्षे उभी असलेली ती दगडी भिंतही त्याच दिवशी कोसळली. पुण्यातील नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. धरण पुढे पुन्हा बांधण्यात आले. परंतु एक गोष्ट त्या दिवशी सर्वांस कळली. भिंत कितीही जुनी व मजबूत असली तरी तिने किती भार सोसावा ह्यास मर्यादा आहे. हीच गोष्ट माणसांचीही आहे. एकटे उभे राहण्याचा भार सर्वांस सारखा पेलत नाही. बलवानाने आपल्या मापाने दुबळ्याचे माप घेऊ नये, हा धडा पुढील हकिकतीत उपयोगी पडेल.

२. पंच हौदातील चहा

पुण्याच्या गुरुवार पेठेत पंच हौद मिशनचे आवार आहे. १८९० सालच्या ऑक्टोबर महिन्यात तेथे एका व्याख्यानासाठी शहरातील पुष्कळ प्रतिष्ठित मंडळी जमली होती. त्यांत माधवराव रानडे होते, बाळ गंगाधर टिळकही होते. व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा व बिस्किटे ठेवण्यात आली. कोणी चहा घेतला, कोणी पेला हाती घेऊन तसाच खाली ठेवला, कोणी त्यास शिवलेही नाहीत. पुढे गोपाळराव जोशी ह्यांनी, म्हणजे अमेरिकेत जाऊन वैद्यकीची पदवी मिळविणाऱ्या आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात प्रसिद्ध करविली. एका पेल्याने सारे शहर ढवळून निघाले.

ख्रिस्ती लोकांच्या घरचा चहा घेतला म्हणून ह्या गृहस्थांवर ग्रामण्य झाले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, प्रायश्चित्ताची भाषा निघाली. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. परंतु इतरांचे हाल सुरूच राहिले. ज्यांच्या घरी मुंज वा लग्न निघाले त्यांस भिक्षुक मिळेना. ज्यांच्या मुली सासरी होत्या त्यांस माहेरी येणे कठीण झाले. भावाभावांत पंक्ती वेगळ्या झाल्या. अखेर १८९२ साली रानडे ह्यांनीही प्रायश्चित्त घेतले. त्यांस स्वतःस त्याची गरज वाटत होती असे नव्हे. बहिष्काराने गांजलेल्या मित्रांची सुटका व्हावी व त्यांस एकट्याने मान खाली घालावी लागू नये, म्हणून ते त्यांच्यासह पुढे झाले. सुधारक पक्षातील अनेकांस हे मुळीच रुचले नाही. ज्याच्याकडे आपण ध्वज म्हणून पाहिले तोच वाकला, असे त्यांस वाटले.

आता वाचकांनी ह्याचा निवाडा घाईने करू नये. एका बाजूने पाहता रानड्यांनी आपल्या कीर्तीचा त्याग करून मित्रांचा भार हलका केला. ते मोठे अधिकारी होते. त्यांस बहिष्कार सोसता आला असता. ज्यांच्या घरी लेकीसुनांचे अश्रू वाहत होते त्यांस तो सोसवत नव्हता. आपली भिंत उंच आहे म्हणून दुसऱ्यानेही तितका लोंढा अडवावा, असे रानड्यांनी म्हटले नाही. हे प्रेमाचे कृत्य होते, ह्यात शंका नाही.

परंतु दुसरी एक बाजू आहे, आणि त्या काळच्या वादात तिचा विचार फारच थोड्यांनी केला. प्रायश्चित्त पापाचे घेतात. चहा घेण्याचे प्रायश्चित्त घेतले म्हणजे ज्यांच्या हातचा तो चहा होता त्यांचा स्पर्श विटाळाचा आहे, असे चारचौघांत कबूल केल्यासारखे झाले. पाहुणे आपापल्या पंक्तीस परत गेले. ज्यांनी आदराने पेला पुढे केला होता, त्यांना मात्र त्या पंक्तीत पूर्वीही पाट नव्हता व नंतरही नव्हता. मित्रांची सुटका झाली खरी. पण तिची काही किंमत अशा लोकांनी भरली की ज्यांस त्या सभेत कोणी विचारलेच नव्हते.

येथेच आपल्या कसोटीचे पहिले टोक हाती लागते. वाकणारा मनुष्य भित्रा आहे की शूर आहे, हा प्रश्न मागाहून विचारावा. आधी विचारावे ते हे की, ह्या वाकण्याची किंमत कोण भरतो?

३. तोच मनुष्य, आणखी एक प्रसंग

रानड्यांच्याच आयुष्यातील त्याआधीची एक गोष्ट ह्या कसोटीवर लावून पाहू. १८७३ साली त्यांची पहिली पत्नी वारली. विधवांचा पुनर्विवाह व्हावा ह्यासाठी झटणाऱ्यांत ते अग्रणी होते. तेव्हा ते स्वतः एखाद्या विधवेशी विवाह करतील, अशी पुष्कळांची अपेक्षा होती. परंतु वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकविली व त्याच वर्षी अकरा वर्षांच्या मुलीशी त्यांचा विवाह झाला. वडिलांचा मान राहिला. परंतु ज्या विधवांच्या बाजूने ते बोलत होते त्यांचा पक्ष तेवढा लंगडा झाला. येथेही किंमत भरली ती तिसऱ्यानेच.

ह्याची दुसरीही बाजू सांगितली पाहिजे. ज्या मुलीशी त्यांनी विवाह केला तिला घरातील बायकांचा विरोध असतानाही त्यांनी स्वतः शिकविले. त्याच पुढे रमाबाई रानडे म्हणून प्रसिद्धीस आल्या, आणि पुण्यातील सेवासदनाच्या द्वारे त्यांनी शेकडो स्त्रियांस शिक्षणाची वाट दाखविली. मोठ्या माणसाच्याही हातून एकीकडे उणे व एकीकडे दुणे होते. त्यांचा उपहास करण्यासाठी नव्हे, तर आपण सावध व्हावे म्हणून अशी उदाहरणे पाहावयाची असतात.

४. हिंगण्याची झोपडी

पुण्याहून खडकवासल्याच्या दिशेने मुठेच्या काठाकाठाने निघाले असता हिंगणे हे ठिकाण लागते. आज तेथे दाट वस्ती झाली असून त्या भागास कर्वेनगर म्हणतात. परंतु १९०० साली ते ओसाड माळरान होते. तेथे धोंडो केशव कर्वे ह्यांनी आपला विधवांचा आश्रम नेला.

कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत. पहिली पत्नी वारल्यावर त्यांनी ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात गोदूबाई नावाच्या विधवेशी विवाह केला. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकलेल्या होत्या. कर्वे हे कोकणातील मुरूडचे. नवी पत्नी घेऊन ते गावी गेले तेव्हा गावाने सभा भरवून त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्यांस घरात घेतील त्या आप्तांवरही तो लागू होणार होता. कर्व्यांनी तो मुकाट्याने सोसला. त्यांनी गावाशी भांडण केले नाही, आणि विवाह ही चूक होती असेही कधी म्हटले नाही. येथे ते ताठ राहिले. कारण वाकले असते तर किंमत गोदूबाईंनी व त्यांच्यासारख्या प्रत्येक विधवेने भरली असती.

तेच कर्वे आश्रमाच्या कामात मात्र वाकलेले दिसतात. १८९६ साली आश्रम स्थापन झाला तेव्हा त्यांनी त्यात पुनर्विवाहाचा प्रचार ठेवला नाही. येथे शिक्षण मिळेल, दुसरे काही लादले जाणार नाही, अशी खात्री पटल्यावाचून जुन्या वळणाचे आईबाप आपल्या विधवा मुली तेथे पाठविणार नव्हते. ज्या गोष्टीसाठी स्वतः एवढा बहिष्कार सोसला, तीच गोष्ट आश्रमात बोलावयाची नाही, हे मनुष्यास किती जड गेले असेल! तथापि त्या मौनाची किंमत त्यांची स्वतःची हौस व स्वतःचा मान एवढीच होती. लाभ मात्र त्या मुलींचा होता.

तरी ह्या तडजोडीतही एक उणीव राहिली. आरंभीची वर्षे आश्रमाचा लाभ उच्च मानलेल्या जातींच्या विधवांपुरताच होता. लोकांचा विश्वास मिळविण्यासाठी केलेल्या ह्या वाकण्याची किंमत ज्यांस दाराबाहेर राहावे लागले त्यांनी भरली. कर्व्यांस शतायुष्य लाभले. १९१६ साली त्यांनी स्त्रियांचे विद्यापीठ काढले, आणि १९४४ साली, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, जातिभेद नाहीसा व्हावा म्हणून समता संघ स्थापन केला. तात्पर्य, कोठे वाकावे लागले तर त्याचा हिशेब मनात जागा ठेवावा, आणि संधी मिळताच ते देणे फेडावे. वाकलेले विसरून जाणे हेच खरे अधःपतन होय.

५. पौलाचे दोन निर्णय

आता शास्त्रभागाकडे वळू. ज्यांनी तो आधी वाचला असेल त्यांस एक आश्चर्य वाटले असेल. प्रेषितांच्या कृत्यांत पौल तीमथ्याची सुंता करवितो. गलतीकरांस लिहिताना मात्र तो सांगतो की तीताच्या बाबतीत आपण क्षणभरही नमलो नाही. विधी एकच, मनुष्य एकच, आणि निर्णय दोन. मग पौल चंचल होता काय?

नव्हे. तीमथ्याची आई यहूदी होती, आणि त्यास यहूदी लोकांत काम करावयाचे होते. त्यांच्या घरात त्यास मोकळेपणाने जाता यावे म्हणून ती गोष्ट झाली. तिची किंमत तीमथ्याने स्वतःच्या देहाने भरली. दुसऱ्या कोणावर काही लादले गेले नाही. तीत हा परराष्ट्रीय होता, आणि हा विधी केल्यावाचून तो पुरता बंधू होऊच शकत नाही असे काहींचे म्हणणे होते. तेथे पौल नमला असता तर त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक परराष्ट्रीयास त्याच उंबरठ्यावर अडविले गेले असते. पहिल्या ठिकाणी वाकल्याने दार उघडत होते, दुसऱ्या ठिकाणी ते मिटत होते.

त्याच अध्यायात पुढे अंत्युखियाची गोष्ट आहे. पेत्र परराष्ट्रीयांच्या पंक्तीस बसून जेवत असे. यरुशलेमेहून काही मंडळी आली तेव्हा त्यांच्या भयाने तो हळूच पंक्तीतून उठू लागला. त्याचे पाहून बर्णबाही उठला. पेत्राने कोणास शिवी दिली नाही, कोणास हाकलले नाही. तो फक्त उठून गेला. परंतु जे पानावर बसून राहिले होते त्यांच्या मनास काय वाटले असेल? पंच हौदातील पेला व अंत्युखियातील पान ही एकाच जातीची होत. म्हणूनच पौलाने ती गोष्ट कानात न सांगता सर्वांसमक्ष बोलून दाखविली.

आणि रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात हाच पौल खाण्यापिण्याच्या व सणावारांच्या बाबतीत किती सौम्य झाला आहे! एकजण सर्व काही खातो, दुसरा भाजीपाल्यावर राहतो. खाणाऱ्याने न खाणाऱ्यास तुच्छ लेखू नये व न खाणाऱ्याने खाणाऱ्याचा न्याय करू नये, असा त्या अध्यायाचा आशय आहे. प्रत्येकाने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी, पण आपल्या खात्रीने दुर्बल बंधूस पाडू नये.

६. आपल्याच घरातील उदाहरणे

गावच्या बहिष्कारासंबंधी बोलणे आपणास सोपे जाते, कारण तेथे दोष दुसऱ्याचा असतो. मंडळीच्या आतही हाच प्रश्न असतो, हे आपल्या पूर्वजांनी अनुभवाने जाणले होते.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे झाला. तेथील भगिनीमंडळाने त्यांस आश्रय दिला होता, आणि त्यांचे उपकार रमाबाई मानीत. तथापि शाकाहार त्यांनी सोडला नाही, आणि आपण विचार करून पटल्यावाचून कोणतेही मत केवळ अधिकाऱ्यांनी सांगितले म्हणून पत्करणार नाही, हे आपल्या गुरुभगिनीस त्यांनी पत्रांतून निक्षून कळविले. एका समाजाचे जू उतरविले ते दुसऱ्याचे मानेवर घेण्यासाठी नव्हे, अशी त्यांची वृत्ती होती. मात्र जो हक्क त्यांनी स्वतःसाठी मागितला तोच आपल्या हाताखालच्या मुलींस दिला. शारदासदनात हिंदू विधवांस आपले खाण्यापिण्याचे आचार पाळण्याची मोकळीक होती.

नारायण वामन टिळक ह्यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. त्या काळी मंडळ्यांतून परकीय चालींवर गाणे हीच भक्तीची रीत समजली जात असे. टिळकांनी अभंग, ओवी व कीर्तन ह्यांस उपासनेत स्थान मिळवून दिले. आज कोणत्याही गावच्या मंडळीत टाळ व तबला वाजतो तेव्हा त्यात कोणास वावगे वाटत नाही. परंतु पहिल्याने टाळ हाती घेणाऱ्यास किती भुवया उंचावलेल्या पाहाव्या लागल्या असतील, ह्याचा विचार करावा. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास देवाचा दरबार ह्या नावाने नवा उपक्रम आरंभिला. वेगळे वागण्याची किंमत म्हणून त्यांनी आपला पगार सोडला. मंडळीने आपल्यास पोसावे आणि वागण्यास मोकळेही सोडावे, असे त्यांनी म्हटले नाही.

आणि लक्ष्मीबाई! पतीने धर्म बदलला तेव्हा त्यांनी बदलला नाही. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. पुढे एकत्र राहू लागल्यावरही सोवळे व पाणी वेगळे ठेवीत. हे सर्व त्यांनी १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’ ह्या आपल्या ग्रंथात मोकळेपणाने सांगितले आहे. जातिभेद मनुष्यांनी केलेला आहे हे त्यांस स्वतःच्या विचाराने पटले तेव्हा त्यांनी तो सोडला, आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. जे पाऊल मनुष्य स्वतः विचार करून टाकतो ते मागे येत नाही. ज्यास ओढून आणावे लागते तो दोर सैल झाला की परत जातो. ज्या घरात पत्नीस वेगळे मत ठेवून त्याच छपराखाली राहता येते, त्या घरात वाट पाहण्याचे सामर्थ्य आहे असे समजावे.

७. कसोटी गावात कशी लावावी

ह्या सर्व उदाहरणांवरून एक साधी कसोटी निघते. माझ्या वाकण्याची किंमत मी एकटाच भरीत असेन आणि त्याने दुसऱ्याचे भले होत असेल, तर खुशाल वाकावे. ती किंमत माझ्याहून दुबळा असा कोणी भरणार असेल, तर ताठ राहावे. हीच कसोटी उलट बाजूनेही लागू आहे. माझ्या ताठ राहण्याची किंमत मी भरतो, की माझ्या हट्टासाठी बायकामुलांना ती भरावी लागते, हेही तपासावे. पुष्कळ हट्ट मोठ्या तत्त्वांची पागोटी घालून मिरवतात.

गावच्या पोळ्यास शेजाऱ्याचा बैल सजविण्यास मदत केली, किंवा सार्वजनिक विहिरीच्या, रस्त्याच्या वा शाळेच्या कामास वर्गणी दिली, तर कोणाचे काही जात नाही, शेजार राहतो. पेहरावात, बोलण्यात, नाव ठेवण्यात गावाहून निराळे दिसलेच पाहिजे, असाही नियम नाही. परंतु एखाद्या घरास पाणी भरू देऊ नये, एखाद्या मुलीस शाळेतून काढावे, विधवेस कोपऱ्यात बसवावे, अमक्या जातीतून आलेल्याचे पान वेगळे मांडावे, असे चार लोकांनी ठरविले, तर तेथे चार लोकांबरोबर मान हलविणे हे पाप होय, मग ते चार लोक गावचे असोत की आपल्या मंडळीचे.

नियम व शिस्त ह्यांविषयीही हेच विचारावे की हा नियम कामासाठी आहे, की कोणास बाहेर ठेवण्यासाठी. खडकवासल्यास राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. १९५५ सालापासून तेथे तिन्ही दलांचे भावी अधिकारी शिकत आले आहेत. एक वेश, एक पाऊल, एक वेळ, हे तेथे कामासाठी आवश्यक आहे, आणि त्याविषयी कोणी तक्रार करीत नाही. परंतु तेथे मुलीस प्रवेश नाही, हाही नियम अनेक दशके होता. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलींस प्रवेशपरीक्षेस बसू देण्याचा आदेश दिला. २०२२ साली मुली दाखल झाल्या, आणि २०२५ च्या मे महिन्यात त्यांची पहिली तुकडी शिक्षण संपवून बाहेर पडली. मुली आल्या म्हणून संचलनाची पावले चुकली नाहीत. कामाचा नियम राहिला. बाहेर ठेवणारा नियम गेला.

बहिष्काराविषयी कायदा काय म्हणतो, हेही आपल्या लोकांस ठाऊक असावे. तत्कालीन मुंबई राज्याने १९४९ साली जातिबहिष्कृत करण्याविरुद्ध कायदा केला होता. धर्मपंथांस आपले कारभार चालविण्याचा हक्क आहे ह्या कारणाने सर्वोच्च न्यायालयाने तो १९६२ साली रद्द ठरविला. त्यानंतर महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणारा नवा कायदा संमत केला, आणि तो २०१७ च्या जुलैपासून अमलात आला. त्यानुसार कोणास वाळीत टाकणे हा गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ठराव मांडणाराच नव्हे, तर त्यास अनुकूल मत देणाराही त्यात सापडतो. पीडित मनुष्यास पोलिसांकडे किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. उपदेशक बंधूंनी ही माहिती वर्गात अवश्य सांगावी, कारण ज्याच्यावर बहिष्कार पडतो त्यास बहुधा वाटते की आपल्यामागे कोणीच नाही.

परंतु कायद्याने दार उघडते, पंक्तीस पान मांडले जात नाही. ते आपले आपणच मांडावयाचे असते. ज्यांच्या आजोबांस गावाने वाळीत टाकले होते, त्यांच्याच नातवांनी मंडळीत एखाद्यास तो निराळे बोलतो म्हणून, गरीब आहे म्हणून, किंवा मुलीने आपल्या पसंतीने लग्न केले म्हणून वाळीत टाकावे, ह्याहून मोठे दुर्दैव नाही. अशा घरी ह्या आठवड्यात कोणी तरी जावे. फार बोलण्याची गरज नाही. त्यांनी चहा पुढे केला तर तो घ्यावा.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. पौलाने तीमथ्याविषयी एक व तीताविषयी दुसरा निर्णय का घेतला? दोन्ही ठिकाणी किंमत कोणी भरली असती?

२. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले ते योग्य झाले असे तुम्हांस वाटते काय? वर्गात दोन्ही बाजूंनी बोलणारे असावेत.

३. कर्व्यांनी मुरूडात मान तुकविली नाही व आश्रमात मौन धरले. ह्या दोहोंत विसंगती आहे काय?

४. आपल्या मंडळीत असा कोणता रिवाज आहे की जो कामासाठी नसून केवळ कोणास बाहेर ठेवण्यासाठी चालत आला आहे?

५. मागील वर्षभरात तुम्ही कोठे वाकलात? त्याची किंमत कोणी भरली, आणि ते देणे कसे फेडता येईल? (ह्या प्रश्नाचे उत्तर मोठ्याने देण्याची आवश्यकता नाही, प्रत्येकाने ते घरी जाऊन आपल्या मनाशी द्यावे.)